कूळ आणि शेजार

गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर एकच उपाय सांगणाऱ्या जाहिराती आता कोणाला नवीन राहिलेल्या नाहीत. त्यांत एक वाक्य हमखास असतं: मूळ पेशी शरीराचा कोणताही भाग पुन्हा तयार करू शकतात. हे वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते जास्त फसवं आहे. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत पेशींचा जो इवलासा गोळा असतो, त्यातल्या पेशींना ते खरोखर जमतं. तुमच्या-माझ्या शरीरात आज ज्या मूळ पेशी आहेत त्यांचं तसं नाही. अस्थिमज्जेतली मूळ पेशी रक्त बनवते, आतड्यातली आतड्याचं अस्तर बनवते आणि कातडीतली कातडी. एकीचं काम दुसरीने केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि बहुतेक वेळा पुढे मागे घ्याव्या लागतात.

प्रौढ शरीरातली मूळ पेशी काय होणार, हे दोन गोष्टींवर ठरतं: ती कोणत्या कुळातली आणि तिच्या शेजारी कोण. गर्भात असताना तिच्या पूर्वज पेशींनी एक वाट धरली आणि बाकीच्या वाटांची जनुकं जवळजवळ कायमची बंद करून टाकली. तो वारसा म्हणजे तिचं कूळ. आज आजूबाजूच्या पेशींकडून तिला जे रासायनिक निरोप मिळतात, ती ज्या पृष्ठभागावर बसली आहे तो जितका मऊ किंवा टणक आहे, तो तिचा शेजार. जाहिरात करणारे कूळ विसरतात. पाठ्यपुस्तकं कधीकधी शेजार विसरतात.

या पेशींचा पहिला ठोस पुरावा टोरांटोत मिळाला, आणि तोही कोणी मूळ पेशी शोधायला बसलं होतं म्हणून नव्हे. हिरोशिमानंतर किरणोत्सर्गाने शरीरात नेमकं काय होतं हा लष्कराच्या आणि डॉक्टरांच्या, दोघांच्याही काळजीचा विषय झाला होता. ओंटारियो कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर अर्नेस्ट मॅककलॉक आणि भौतिकशास्त्रज्ञ जेम्स टिल ही जोडी त्यावर काम करत होती. उंदरांना इतका किरणोत्सर्ग द्यायचा की त्यांची मज्जा रक्त बनवणं थांबवेल. मग दुसऱ्या उंदराच्या मज्जेतल्या पेशी त्यांच्या शिरेत टोचायच्या आणि किती पेशी दिल्या म्हणजे उंदीर वाचतो ते मोजायचं. १९६० मधल्या एका रविवारी मॅककलॉक प्रयोगशाळेत आले. दहा दिवसांपूर्वी पेशी टोचलेले उंदीर तपासताना त्यांना प्लीहांवर फोडांसारख्या गाठी दिसल्या. त्यांनी त्या मोजल्या आणि आलेख काढला. जितक्या जास्त पेशी टोचलेल्या तितक्या जास्त गाठी, आणि आलेखाची रेषा सरळ. साधारण दहा हजार मज्जापेशींमागे एक गाठ पडत होती.

सरळ रेषेवरून असं वाटत होतं की प्रत्येक गाठ एकेका पेशीतून उगवलेली असावी. पण ‘असावी’वर शास्त्र चालत नाही. त्यांचा विद्यार्थी अँड्र्यू बेकर याने एक युक्ती केली. पेशींवर किरणोत्सर्गाचा असा मारा केला की काहींची गुणसूत्रं तुटून वेडीवाकडी जुळली. अशी जोडणी प्रत्येक पेशीत वेगळी, त्यामुळे ती त्या पेशीची आणि तिच्या सगळ्या वंशजांची न पुसणारी खूण. गाठी उघडून पाहिल्या तर एका गाठीतल्या पेशींवर एकच खूण होती. त्या गाठीत तांबड्या पेशी होत्या, पांढऱ्या होत्या, प्लेटलेट बनवणाऱ्या पेशीही होत्या. १९६३ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. परस्परांशी काही साम्य नसलेल्या या पेशी एकाच आईच्या लेकी आहेत, हे त्यानंतर नाकारता येईना.

पुढे कळलं की त्या गाठींपैकी बऱ्याचशा अस्सल मूळ पेशींच्या नव्हत्या, एकदोन पायऱ्या खाली उतरलेल्या वंशजांच्या होत्या. अस्सल मूळ पेशी त्याहूनही दुर्मिळ. १९८८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्विंग वाइसमन यांच्या गटाने उंदराच्या मज्जेतून त्या वेगळ्या काढल्या. तोवर माणसांमधलं मज्जाप्रत्यारोपण मात्र पुढे निघून गेलं होतं. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. वैद्यकात असं अनेकदा होतं: उपचार आधी चालू लागतो, तो का चालतो ते मागून कळतं.

आता मुख्य प्रश्न. एका पेशीपुढे एवढ्या वाटा असतील, तर ती कोणती धरणार हे ठरतं कसं?

जनुकांचा संच सगळ्या पेशींत तोच असतो, सुमारे वीस हजार प्रथिनं बनवण्याची माहिती प्रत्येकीकडे असते. फरक एवढाच की कोणती जनुकं चालू आहेत आणि कोणती बंद. ही चालू-बंद करणारीही प्रथिनंच असतात आणि रक्ताच्या बाबतीत त्यांची एक जोडी फार अभ्यासली गेली आहे: गाटा-१ आणि पीयू-१. गाटा-१ पेशीला तांबड्या पेशी आणि प्लेटलेट यांच्या दिशेला ओढतं, पीयू-१ पांढऱ्या पेशींच्या दिशेला. सुरुवातीच्या पेशीत दोन्ही थोडी थोडी असतात. गंमत अशी की यातलं प्रत्येक प्रथिन स्वतःचं जनुक आणखी जोरात चालवतं आणि दुसऱ्याचं काम अडवतं. त्यामुळे एकाचं पारडं जरा जड झालं की ते जड होतच जातं. मधल्या मधे लोंबकळत राहणं पेशीला जमत नाही. १९९५ मध्ये थॉमस ग्राफ यांच्या गटाने कोंबडीच्या, पांढऱ्या पेशींच्या वाटेला लागलेल्या पेशींत गाटा-१ घातलं, तर त्यातल्या काही चक्क मागे वळून तांबड्या पेशींच्या वाटेला लागल्या.

हे चित्र इतकं सुबक होतं की ते वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. मग २०१६ मध्ये एका गटाने एकेका पेशीवर सूक्ष्मदर्शकातून सलग नजर ठेवली आणि दिसलं ते वेगळंच. निवड होते तेव्हा या दोन प्रथिनांमधली झुंज अजून सुरूही झालेली नसते. निर्णय आधीच कुठेतरी झालेला असतो, ही जोडी तो पक्का करते, असं आता बऱ्याच जणांना वाटतं. सुरुवातीचा तो धक्का कोण देतं यावर वाद चालू आहे.

कोणत्या प्रकारच्या पेशी किती हव्यात, हा हिशोब पुन्हा वेगळ्याच ठिकाणी होतो. तांबड्या पेशींचा तो मूत्रपिंडात होतो. रक्तातला प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते पेशीला ‘तांबडी हो’ असा हुकूम देत नाही. तांबड्या पेशींच्या वाटेवरच्या अपक्व पेशी ठराविक टप्प्यावर मरायलाच टेकलेल्या असतात, हे संप्रेरक त्यांना तगवून धरतं. म्हणजे शरीर नेहमीच गरजेपेक्षा जास्त पेशी वाटेला लावतं आणि लागतील तेवढ्याच जगू देतं. उधळपट्टी वाटेल, पण अपघातात रक्त गेलं किंवा माणूस लडाखला जाऊन राहिला तर नव्याने सुरुवात करावी लागत नाही, फक्त मरण थांबवावं लागतं. धडधाकट माणसात रोज सुमारे २०० अब्ज नव्या तांबड्या पेशी तयार होतात, सेकंदाला वीस लाखांहून जास्त.

हे संप्रेरक हाती लागण्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. रक्तात ते इतकं अल्प असतं की शुद्ध करून काढायला पुरत नाही. जपानमध्ये ताकाजी मियाके यांनी अशा रुग्णांची लघवी साठवली ज्यांची मज्जा रक्त बनवत नव्हती आणि म्हणून ज्यांची मूत्रपिंडं हे संप्रेरक जिवाच्या आकांताने सोडत होती. २,५५० लिटर लघवी आटवून मिळालेला अर्क घेऊन ते शिकागोला यूजीन गोल्डवॉसर यांच्याकडे गेले आणि १९७७ मध्ये त्यातून थोडंसं शुद्ध एरिथ्रोपोएटिन निघालं. डायलिसिसवरच्या रुग्णांना रक्त वाढवण्यासाठी आज जे इंजेक्शन देतात, त्याचं मूळ त्या पिंपांमध्ये आहे.

शेजाराची कल्पना प्रथम नीट मांडली ती १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या रे स्कोफिल्ड यांनी. त्यांचं म्हणणं असं की मूळ पेशी स्वतःच्या गुणावर मूळ पेशी राहत नाही. मज्जेतल्या विशिष्ट जागी, विशिष्ट पेशींना चिकटून बसली आहे म्हणून ती तशी राहते. जागा सुटली की ती साधी पेशी होण्याच्या वाटेला लागते. त्या वेळी हा निव्वळ तर्क होता. आज प्रत्यारोपणाचा रोजचा व्यवहारच त्यावर चालतो. दात्याच्या पेशी रुग्णाच्या हाडात कोणी टोचत नाही. रक्त चढवतात तशा त्या शिरेतून सोडतात आणि मज्जेतून येणाऱ्या एका प्रथिनाच्या मागावर त्या आपणहून तिथे पोचतात. दात्याकडून घेताना उलटी तऱ्हा: चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मज्जेतली पकड सैल करायची, म्हणजे मूळ पेशी रक्तात उतरतात आणि हाताच्या शिरेतून यंत्राने वेगळ्या काढता येतात.

पण शेजार कसा काम करतो हे सर्वांत स्वच्छ दिसलं ते आतड्यात. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्या बुडाशी अरुंद खळगे. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर यांनी दाखवलं की खळग्याच्या तळाशी असलेल्या, एलजीआर-५ हे प्रथिन बाळगणाऱ्या पेशी याच आतड्याच्या मूळ पेशी. उंदराच्या एका खळग्यात त्या साधारण पंधरा असतात आणि रोज एकदा विभागतात. त्यांच्या मधेमधे पॅनेथ पेशी दाटीने बसलेल्या असतात; ‘मूळच राहा’ हा निरोप त्यांच्याकडून येतो. नव्या पेशी वर ढकलल्या जातात, तीन ते पाच दिवसांत उंचवट्याच्या टोकाला पोचतात आणि गळून पडतात. वर जाताना त्यांचं काय व्हायचं हे त्या एकमेकींना अंग लावूनच ठरवतात. एक पेशी शेजारणीच्या अंगावरच्या नॉच या प्रथिनाला स्पर्श करते. ज्या पेशीला असा स्पर्श होतो ती अन्नरस शोषणारी होते, जिला होत नाही ती चिकट स्राव करणारी. त्यामुळे चिकट स्राव करणाऱ्या पेशी आपोआप विखरून बसतात, कोणी नकाशा न काढता.

मूळ पेशी विभागते तेव्हा एक लेक आईच्या जागी राहते आणि दुसरी कामाला जाते, असं पुस्तकात असतं. क्लेव्हर्स यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांच्या आतड्यातल्या मूळ पेशींना चार वेगवेगळे रंग दिले आणि वाट पाहिली. सुरुवातीला प्रत्येक खळगा रंगीबेरंगी होता. काही महिन्यांत बहुतेक खळगे एकेका रंगाचे झाले. याचा अर्थ असा की रोज पंधरांच्या तीस होतात आणि तळाशी जागा मात्र पंधरांनाच असते. ज्या मूळ पेशी पॅनेथ पेशींपासून दूर ढकलल्या जातात, त्यांचं मूळपण संपतं. कोण राहणार आणि कोण जाणार यात गुणवत्ता नाही, निव्वळ नशीब. असं काही महिने चाललं की एकाच पेशीचा वंश सगळा खळगा व्यापतो. एक राहते, एक जाते हे फक्त सरासरीपुरतं खरं.

त्याच प्रयोगशाळेत २००९ मध्ये तोशिरो सातो यांनी एलजीआर-५ असलेली एकच पेशी मऊ जेलमध्ये ठेवली आणि शेजाऱ्यांकडून मिळणारे निरोप बाटलीतून दिले. त्यातून खळगे आणि उंचवटे असलेलं, डोळ्यांना जेमतेम दिसेल असं आतडं तयार झालं. इथे कूळही दिसतं. शेजार कृत्रिम होता, आतड्याचा मागमूस नव्हता, तरी त्या पेशीने आतडंच बनवलं.

पायाखालच्या टणकपणाचा उल्लेख वर केला, तोही खरा प्रयोग आहे. मज्जेत रक्ताशिवाय आणखी एक कूळ राहतं, हाड, कूर्चा आणि चरबी बनवू शकणाऱ्या पेशींचं. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अ‍ॅडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांनी अशा पेशी कमी-अधिक टणक जेलवर वाढवल्या. खाद्य सगळ्यांना सारखं. कोवळ्या हाडाइतक्या टणक जेलवरच्या पेशी हाडाच्या पेशींसारख्या होऊ लागल्या, स्नायूइतक्या टणक जेलवरच्या स्नायूच्या पेशींसारख्या.

अशा प्रयोगांमुळेच काही जणांना वाटू लागलं की शेजार बदलला की कूळही बदलेल. इथून या क्षेत्रातल्या सर्वांत महागड्या गैरसमजाची सुरुवात होते. २००१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या पिएरो अन्व्हर्सा यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये लिहिलं की हृदयविकाराचा झटका दिलेल्या उंदराच्या हृदयात मज्जेतल्या पेशी टोचल्या तर त्या नऊ दिवसांत मेलेल्या स्नायूचा बराचसा भाग भरून काढतात. हृदयाच्या स्नायुपेशी जवळजवळ नव्या होतच नाहीत. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन पेशींत किती साठला यावरून योनास फ्रिसेन यांनी पुढे २००९ मध्ये मोजलं, तर तरुणपणीही ते प्रमाण वर्षाला सुमारे एक टक्का निघालं. साहजिकच बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि उंदरांवरचे निष्कर्ष दुसऱ्या कोणी पडताळून पाहण्याआधीच रुग्णांच्या हृदयात मज्जेच्या पेशी सोडणं सुरू झालं.

२००४ मध्ये सिअ‍ॅटल आणि स्टॅनफर्डच्या दोन गटांनी, ज्यांच्या पेशी नंतर हमखास ओळखता येतील अशा उंदरांवर तोच प्रयोग केला. टोचलेल्या मज्जापेशी हृदयात गेल्या आणि रक्तपेशीच राहिल्या, स्नायू झाला नाही. मज्जेच्या पेशींनी यकृत दुरुस्त केल्याचा दावाही असाच होता. त्यात यकृत खरंच सुधारलं होतं, पण २००३ मध्ये उलगडलं की मज्जेच्या पेशी यकृताच्या पेशींना जाऊन जुळल्या होत्या, दोन पेशींची एक झाली होती. कूळ बदललं नव्हतं. अन्व्हर्सा यांच्या हृदयावरच्या कामाचा शेवट आणखी वाईट झाला. २०१८ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाने आणि त्याच्याशी संलग्न रुग्णालयाने त्यांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं नियतकालिकांना कळवलं. कारण होतं खोटी किंवा फेरफार केलेली माहिती. सतरा वर्षं त्या पायावर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि रुग्णांनी आशा धरली. जाहिराती अजून त्याच पायावर उभ्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीत मान्य उपचार म्हणून स्थान आहे ते रक्ताच्या आजारांसाठीच्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणाला. इतर आजारांसाठी पेशी टोचायच्या तर ती वैद्यकीय चाचणी समजायची.

याच देशात मूळ पेशींचं अस्सल कामही झालं आहे, आणि ते डोळ्यात झालं.

बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, तिच्यावर पेशींचा पातळ थर असतो आणि तो सतत झिजून नवा होत असतो. त्याच्या मूळ पेशी मधल्या पारदर्शक भागात नसतात. काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या गोल काठावर असतात. तंबाखूत मळायचा किंवा पानाला लावायचा चुना हल्ली छोट्या प्लास्टिकच्या पुड्यांत मिळतो. पोरं ती खेळायला घेतात, दाबतात, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ डोळ्यात खोल उतरत जातो आणि काठावरच्या मूळ पेशी जळून जातात.

मग मोकळ्या पडलेल्या कॉर्नियावर शेजारच्या पांढऱ्या भागाच्या पेशी सरकत येतात. त्या कॉर्नियाच्या जागी राहतात, कॉर्नियाचा शेजार त्यांना मिळतो, तरी त्या कॉर्निया होत नाहीत. आपलं कूळ घेऊन येतात, रक्तवाहिन्या सोबत आणतात आणि डोळा धूसर होतो. नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवला तरी फारसा टिकत नाही, कारण त्याच्या मधल्या चकतीबरोबर मूळ पेशी येत नाहीत.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून निरोगी डोळ्याच्या काठावरच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून जळलेल्या डोळ्यावर लावल्या जात होत्या. त्याला खर्चिक प्रयोगशाळा लागे. २०१२ मध्ये तिथल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळा वगळूनच टाकली. निरोगी डोळ्याच्या काठावरून दोन मिलिमीटर लांब-रुंद तुकडा घ्यायचा आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच त्याचे आठ-दहा कण करायचे. जळलेल्या डोळ्यावर सरकून आलेला थर खरवडून काढायचा, तिथे गर्भाभोवतीच्या पिशवीचा पातळ पापुद्रा पसरायचा आणि रक्त गोठवणाऱ्या प्रथिनापासून केलेल्या डिंकाने ते कण त्यावर चिकटवायचे. पुढच्या काही आठवड्यांत प्रत्येक कणाभोवती पेशी पसरतात आणि एकमेकींना मिळून थर पुरा होतो. एकाच दिवशी, एकाच शस्त्रक्रियेत सगळं आटोपतं. ही पद्धत आता इतर देशांतही वापरतात.

ती चालते कारण पेशी योग्य कुळातल्या आहेत आणि पापुद्रा त्यांना मानवेल असा शेजार देतो. दोन्ही डोळे जळले असतील तर स्वतःच्या योग्य कुळातल्या पेशीच उरत नाहीत. जपानच्या ओसाकामधल्या कोहजी निशिदा यांनी २००४ मध्ये अशा रुग्णांच्या गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवून डोळ्यावर बसवल्या. डोळा झाकला गेला, नजरही सुधारली. पण त्या पेशींनी तोंडाच्या अस्तराचे काही गुण सोडले नाहीत आणि काठाने रक्तवाहिन्या आत येत राहिल्या.

कूळ पुसायचंच असेल तर पेशीला पार मागे, गर्भातल्या अवस्थेपर्यंत न्यावं लागतं. ते करता येतं हे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुकं वापरून उंदराच्या पेशींत दाखवलं. निशिदा यांनी मग रक्तपेशी अशा मागे नेऊन त्यांच्यापासून कॉर्नियाच्या पेशी बनवल्या आणि चार रुग्णांच्या डोळ्यांवर बसवल्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा अहवाल आला. दोन वर्षांत कोणालाही गंभीर अपाय झाला नाही. चौघांचीही नजर आधी सुधारली. तिघांची ती टिकली, चौथ्याची पुढे पुन्हा उतरली.